भूक गेली, भीती राहिली : युक्रेनच्या आठवणी आणि माणसाचे मन



आरोग्याच्या या पानावर आपण मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, बाळंतिणीचा आहार अशा विषयांवर बोलत असतो. या वेळी मनाविषयी बोलायचे आहे, आणि तेही एका दूरच्या देशाच्या निमित्ताने. तो देश म्हणजे युक्रेन. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने तिथे हल्ला केला तेव्हा हे नाव आपल्या वस्त्यांतही घरोघर पोहोचले. डॉक्टर होण्यासाठी तिथे गेलेली भारतातील हजारो मुले अडकली होती. 'ऑपरेशन गंगा'तून ती परत आली. त्यांत महाराष्ट्रातली मुलेही होती. तळघरात काढलेल्या रात्री आणि भोंग्याचा आवाज यांविषयी त्या मुलांनी सांगितलेले आपण ऐकले, आणि नंतर विसरूनही गेलो.

पण मनाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी युक्रेन हा फार महत्त्वाचा देश आहे. एका संपूर्ण समाजावर आलेले संकट त्या समाजातल्या एकेका माणसाच्या मनात कसे उतरते, ते संकट न पाहिलेल्या नातवंडांपर्यंत कसे पोहोचते आणि त्यावर उपाय काय, हे तिथे स्पष्ट दिसते. भगवान बुद्धांनी दुःख सांगितले तसे दुःखाचे कारणही सांगितले. कारण कळले तर उपाय सापडतो. म्हणून कारणापासून सुरुवात करू.

भुकेने मारलेली माणसे

युक्रेनची जमीन काळी आणि कसदार. गव्हाचे कोठार म्हणून तिची ख्याती. तरीही १९३२-३३ मध्ये त्याच जमिनीवर लाखो शेतकरी अन्नावाचून मेले. इतिहासकारांचे अंदाज वेगवेगळे आहेत. बहुतेक अंदाज ३५ लाख ते ५० लाख यांच्या दरम्यान आहेत.

हा पाऊस न पडल्यामुळे आलेला साधा दुष्काळ नव्हता. तेव्हा युक्रेन सोव्हिएत संघात होते आणि सत्ता स्टालिनच्या हाती होती. शेतकऱ्यांच्या जमिनी व जनावरे सामुदायिक शेतीत घेतली गेली. गावागावावर धान्य वसुलीचा न झेपणारा आकडा लादला गेला. वसुली पुरी झाली नाही की घरात शिरून उरलेसुरले धान्य नेले जाई. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामुदायिक शेतातले धान्य घेणे हा मोठा गुन्हा ठरला. कापणीनंतर पडलेली चार कणसे वेचणाराही त्यात सापडे. शिक्षा होती गोळी किंवा दहा वर्षे कैद. लोक त्याला 'पाच कणसांचा कायदा' म्हणत. वसुलीत मागे पडलेली गावे काळ्या यादीत टाकली जात आणि तिथे मीठ, रॉकेल, काडेपेटी पोहोचणेही बंद होई. जानेवारी १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी युक्रेनबाहेर जाऊ नये असा हुकूम निघाला. म्हणजे घरात अन्न नाही आणि बाहेर जायला वाट नाही. याच काळात सोव्हिएत संघ परदेशी धान्य विकत होता.

या घटनेला युक्रेनी भाषेत 'होलोदोमोर' म्हणतात. भुकेने मारणे, असा त्याचा अर्थ. २००६ साली युक्रेनच्या संसदेने कायदा करून हा वंशसंहार होता असे जाहीर केले. वंशसंहार म्हणावे की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे. ही भूक राज्यकर्त्यांच्या निर्णयांतून आली, याबद्दल मात्र शंका राहिलेली नाही.

बोलायची बंदी

मरण आले त्याहून पुढची गोष्ट मनाच्या दृष्टीने जास्त गंभीर आहे. मेलेल्यांसाठी रडायचीही सोय राहिली नाही. दुष्काळ झालाच नाही, अशी सरकारची भूमिका होती. १९३७ च्या जनगणनेत लोकसंख्या अपेक्षेपेक्षा कमी भरली, तेव्हा ती जनगणनाच दाबून टाकली गेली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक झाली. त्यांतल्या काहींना गोळ्या घातल्या गेल्या. गॅरेथ जोन्स या तरुण वेल्श पत्रकाराने १९३३ मध्ये गावांतून फिरून ही भूक जगापुढे मांडली, तर 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मॉस्कोतील वॉल्टर ड्युरँटी या नामांकित वार्ताहराने ती खोडून काढली.

सुमारे पन्नास वर्षे, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत, त्या देशात या विषयावर उघड बोलणे धोक्याचे होते. ज्या आईने तीन मुले गमावली तिने चौथ्याला त्यांची नावेही हळू आवाजात सांगायची. 'बाहेर बोलू नकोस' ही ताकीद त्यासोबतच यायची.

माणूस गेला की आपण पुण्यानुमोदन करतो, लोक भेटायला येतात, आठवणी निघतात, रडून मोकळे होता येते. यातून मन हळूहळू सावरते. हे सगळे लाखो घरांना नाकारले गेले तर ते दुःख जाणार कुठे? ते दुसऱ्या वाटांनी पुढे गेले.

दुःख पुढे जाण्याच्या तीन वाटा

कॅनडातील ब्रेंट बेझो आणि स्टेफनिया मॅगी या अभ्यासकांनी युक्रेनमधील १५ कुटुंबांतल्या ४५ जणांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक घरातून तीन पिढ्या घेतल्या होत्या : दुष्काळ भोगलेले, त्यांची मुले आणि त्यांची नातवंडे. नातवंडांनी भूक पाहिलेलीसुद्धा नव्हती. तरी त्यांच्या बोलण्यातही भीती, अविश्वास, खिन्नता, लाज, राग आणि स्वतःला कमी लेखणे दिसले. वागण्यातही काही गोष्टी सारख्या आढळल्या. गरजेपेक्षा जास्त अन्न साठवून ठेवणे, अन्नाविषयी कमालीची जपणूक, भूक नसतानाही खात राहणे, निरुपयोगी वस्तू टाकून न देणे, परक्या माणसाशी फटकून वागणे. अभ्यासकांनी याला नाव दिले 'कसेबसे जगण्याची अवस्था'. संकट संपले, तरी मन मात्र संकटातच असल्यासारखे चालत राहते.

यातून पहिली वाट कळते : सवय. आई ताटातला कण अन् कण टिपते, फळी भरलेली असली तरी आणखी एक पिशवी आणून ठेवते, शेजारणीला घरात काय शिजले ते सांगत नाही. मूल ते बघत वाढते. त्याला कोणी दुष्काळाचा धडा दिलेला नसतो. पण 'जग भरवशाचे नाही' हे ते न सांगता शिकते. दुष्काळात याच सवयींनी जीव वाचवले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. म्हणून त्यांना वेडेपणा म्हणू नये. ज्या काळासाठी त्या होत्या तो काळ गेला, एवढेच.

दुसरी वाट मौनाची. घरात काहीतरी मोठे घडून गेले आहे हे मुलाला जाणवते. आजी अमुक महिन्यात गप्प होते, बाबा एका प्रश्नावर एकदम चिडतात. पण कारण कोणी सांगत नाही. मग मूल स्वतःच कारण शोधते, आणि बहुतेक वेळा ते स्वतःलाच दोष देते. आपल्यातच काही खोट आहे, असे त्याला वाटू लागते. बोलून दाखवलेले दुःख जड असतेच. पण न बोललेले दुःख मुलाला आणखी जड जाते, कारण त्याला नाव नसते.

तिसरी वाट शरीराची. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. युक्रेनमध्ये १९३० ते १९३८ या काळात जन्मलेल्या सुमारे १ कोटी लोकांचा त्यात विचार होता. दुष्काळ कळसाला पोहोचला तो १९३३ च्या पूर्वार्धात. त्या सुमारास ज्यांची गर्भधारणा झाली आणि जी मुले १९३४ च्या पहिल्या सहा महिन्यांत जन्मली, त्यांना पुढे मोठेपणी टाइप २ मधुमेह होण्याचा धोका, तीव्र दुष्काळाच्या भागांत, दुपटीहून जास्त दिसला. आईच्या पोटात असताना अन्न मिळाले नाही की बाळाचे शरीर थोडक्यात भागवायला शिकते. पुढे पोटभर मिळू लागले की तेच शरीर साखर नीट हाताळू शकत नाही. गरोदर बाईचे जेवण हा तिच्या एकटीचा प्रश्न नसतो, हे आम्ही या पानावर वारंवार लिहितो. सत्तर वर्षांनंतरच्या आजाराचे मूळ त्या ताटात असू शकते.

इथे एक सावधगिरी. 'आघात रक्तातून उतरतो', 'दुःख जनुकांत लिहिलेले असते' अशी वाक्ये हल्ली मोबाइलवर फिरतात. ज्यूंच्या कत्तलीतून वाचलेल्यांच्या मुलांवर अमेरिकेतील रेचल येहुदा यांनी काम केले आहे. ताणाशी संबंधित जनुकांवर काही रासायनिक खुणा त्यांना आढळल्या. पण माणसांमधला हा पुरावा मर्यादित आहे आणि त्यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. जन्मावरून माणूस कसा निघणार हे ठरते, ही कल्पना आपल्याला फार महागात पडलेली आहे. ती विज्ञानाच्या वेषात परत आली तरी आपण तपासून घ्यावी. सवय बदलता येते आणि मौन मोडता येते. गरोदर बाईला पोटभर खाऊ घालता येते. तिन्ही वाटांवर माणसाला काहीतरी करता येते, हे महत्त्वाचे.

एकाची आठवण, सगळ्यांची आठवण

आतापर्यंत घरातल्या आठवणीविषयी बोललो. आता देशाच्या आठवणीविषयी.

व्हामिक वोल्कान या मानसोपचारतज्ज्ञांनी एक कल्पना मांडली. पूर्वजांवर आलेल्या एखाद्या मोठ्या संकटाचा शोक समाजाला नीट करता आला नाही, तर तो शोक पुढच्या पिढ्यांकडे सोपवला जातो आणि हळूहळू 'आम्ही कोण' याचाच भाग बनतो. नवे संकट आले की जुना काळ आणि आजचा काळ एकमेकांत मिसळतात. नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट कालची वाटू लागते.

युक्रेनमध्ये नेमके हेच झाले. २०२२ नंतर धान्याच्या कोठारांवर आणि बंदरांवर हल्ले झाले, ताब्यातल्या भागातून गहू नेला गेला, मारियुपोल शहर वेढले जाऊन लोक अन्नपाण्यावाचून तळघरांत अडकले. तेव्हा लोकांच्या तोंडी लगेच १९३३ साल आले. आजचा माणूस एकाच वेळी दोन भीतींना तोंड देत होता, स्वतःच्या आणि आजीच्या.

पण या आठवणीची दुसरी बाजूही आहे. १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला आणि दाबलेले दुःख उघड्यावर आले. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी दुपारी चार वाजता लोक खिडकीत मेणबत्ती लावतात. ही कल्पना जेम्स मेस या इतिहासकाराची. राजधानी कीव येथे २००८ मध्ये होलोदोमोरचे स्मारक उभे राहिले. तिथे हातात गव्हाची पाच कणसे धरलेल्या एका किडकिडीत मुलीचा पुतळा आहे. युद्ध सुरू झाल्यापासून रोज सकाळी नऊ वाजता देशभर एक मिनिट स्तब्धता पाळली जाते.

मनाला याचा काय उपयोग? एकट्याने वाहिलेले दुःख लाजेचे वाटते. तेच दुःख शेजारच्या खिडकीतही दिसले की ती लाज गळून पडते. 'आपल्या घराण्यातच काही वाईट होते' हा विचार जातो आणि 'आपल्यावर अन्याय झाला' हा विचार येतो. आपल्याला हे वेगळे शिकवायला नको. १ जानेवारीला भीमा कोरेगावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो माणसे कशासाठी जमतात? तिथे गेलेला माणूस परत येताना थोडा ताठ चालतो. एकत्र आठवण काढणे हे मनाचे औषधसुद्धा आहे.

औषधाचे विषही होऊ शकते, हे मात्र विसरता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत जनतेने नाझींविरुद्ध प्रचंड हानी सोसली. ती आठवण खरी आहे. पण २०२२ मध्ये रशियाच्या सत्ताधाऱ्यांनी शेजारच्या देशावर हल्ला करताना 'नाझींचा बंदोबस्त' हेच कारण पुढे केले. खरे दुःख घेऊन त्यावर खोटे बांधकाम करता येते. म्हणून आठवण काढताना विवेक सुटू नये.

कोणाचे दुःख स्मारकावर येते?

युक्रेनच्या इतिहासातला हा भाग आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत कीवजवळच्या बाबिन यार या घळीत नाझींनी ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. १९७६ साली तिथे सोव्हिएत सरकारने स्मारक उभारले. त्यावर मेलेल्यांना सोव्हिएत नागरिक म्हटले होते, ते ज्यू होते म्हणून मारले गेले हे लिहिलेच नव्हते. मरण मान्य केले, पण मरणाचे कारण लपवले. अशा स्मारकासमोर उभ्या राहिलेल्या ज्यू मुलाच्या मनात काय येत असेल याचा विचार करावा. नाझींना मदत करणारे काही स्थानिक युक्रेनी पोलीसही होते. ही गोष्ट स्वतंत्र युक्रेनलाही पचवायला जड गेली.

दुसरे उदाहरण क्रिमियन तातारांचे. १८ मे १९४४ च्या पहाटे या मुस्लिम समाजाला घरांतून बाहेर काढून, मालगाड्यांत कोंबून, मध्य आशियात हाकलायला सुरुवात झाली. काही दिवसांत १ लाख ८० हजारांहून अधिक माणसे हलवली गेली. वाटेत आणि नंतरच्या काही वर्षांत हजारो मेली. परतायला सुमारे ४५ वर्षे लागली. जमाला ही तातार गायिका. तिची पणजी या हद्दपारीत होती. त्यावरचे '१९४४' हे गाणे घेऊन जमालाने २०१६ मध्ये युरोव्हिजन ही युरोपातील मोठी गाण्याची स्पर्धा जिंकली. घरातले कुजबुजीतले दुःख एका रात्रीत कोट्यवधी लोकांनी ऐकले.

देशाच्या आठवणीत ज्यांच्या दुःखाला जागा मिळत नाही, त्यांना ते दुहेरी सोसावे लागते. एक मूळ घाव आणि दुसरा तो नाकारल्याचा. 'आता कुठे काय राहिलेय, जुने कशाला उकरता?' हे वाक्य ऐकायला साधे वाटते, पण ते दुसरा घाव घालते.

'बिचारे' हा शिक्का

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. जवळच्या प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९ हजार लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी बसमध्ये बसवले. तीन दिवसांपुरते सामान घ्या, असे सांगितले होते. ते घरी कधीच परतले नाहीत. १ मे रोजी कीवमध्ये मे दिनाची मिरवणूक मात्र नेहमीसारखी निघाली. त्यात लहान मुलेही होती. सरकार संकट लपवते, हा होलोदोमोरचा धडा लोकांना पुन्हा मिळाला.

वीस वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून या अपघाताचा आढावा घेतला. मानसिक आरोग्यावर झालेला परिणाम हा या अपघाताचा सार्वजनिक आरोग्यावरचा सर्वांत मोठा परिणाम आहे, असे त्यात म्हटले होते. आणखी एक महत्त्वाची नोंद होती. तिथल्या लोकांना संकटातून 'तरलेले' न म्हणता 'बळी' म्हटले गेले. वर्षानुवर्षे तसे ऐकून अनेकांना आपण दुबळे आहोत, आपल्या हातात काही नाही असे वाटू लागले. काही लोक तब्येतीची अति काळजी करत राहिले, तर काही 'आता काय व्हायचे ते होवो' म्हणून दारू-सिगारेटच्या नादी लागले.

अन्याय झाला हे सांगायलाच हवे. पण मुलाला फक्त 'आपण बिचारे' एवढेच शिकवले तर त्याच्या हातातले बळ जाते. अन्यायाच्या गोष्टीसोबत कोण कसे लढले, कोण कसे तगले, हेही त्याच वेळी सांगावे. बाबासाहेबांच्या चरित्रातून आपण हेच शिकलो. अपमान त्यांनी लपवले नाहीत आणि अपमानापाशी ते थांबलेही नाहीत.

मानसोपचाराची भीती

युक्रेनमध्ये मनाच्या डॉक्टरकडे जायला लोक कचरत, त्याला एक वेगळे कारण होते. सोव्हिएत काळात सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला वेडा ठरवून मनोरुग्णालयात डांबले जाई. लिओनिद प्ल्युश्च या युक्रेनी गणितज्ञाला द्नीप्रोपेत्रोव्स्क येथील खास मनोरुग्णालयात ठेवून जबरदस्तीने औषधे दिली गेली. पेत्रो ग्रिगोरेंको हे सोव्हिएत सैन्यातले जनरल. तातारांना घरी परतू द्या, असे ते म्हणाले आणि त्यांनाही वेडा ठरवले गेले. ते वेडे नाहीत, असे कीवच्या सेम्योन ग्लुझमन या तरुण मानसोपचारतज्ज्ञाने लिहून ठेवले. त्याची किंमत म्हणून १९७२ मध्ये त्याला सात वर्षे छावणी आणि तीन वर्षे हद्दपारी झाली.

असा इतिहास असलेल्या देशात 'मनाच्या डॉक्टरकडे जा' हे ऐकून लोक दचकले तर नवल नाही. लोकांचा अविश्वास हा अडाणीपणा नसतो, त्यामागे घडलेल्या गोष्टी असतात. विश्वास परत मिळवायचा तर चांगली वागणूक आणि गुप्तता पाळावी लागते.

आजचे युद्ध आणि आजचा उपाय

डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला की युक्रेनमध्ये सुमारे ९६ लाख लोकांना मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असू शकतो. त्यांतील ३९ लाखांचा त्रास मध्यम किंवा तीव्र असू शकतो. जगात कुठेही युद्ध सोसलेल्या लोकांपैकी साधारण पाचातल्या एकाला असा आजार असतो, असे हीच संघटना सांगते. याचा दुसरा अर्थ असा की पाचातले चार जण भीती, झोपमोड, रडू येणे हे सगळे सोसूनही आजारी पडत नाहीत. प्रत्येक दुःख म्हणजे आजार नव्हे.

तिथे उपायही सुरू झाले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ओलेना झेलेन्स्का यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. त्यातल्या मोहिमेचे नाव साधे आहे : 'तू कसा आहेस?' मनाचे साधे त्रास ओळखण्याचे प्रशिक्षण नेहमीच्या डॉक्टरांना दिले जाऊ लागले, म्हणजे प्रत्येकाला तज्ज्ञाचे दार गाठावे लागणार नाही. वीज केंद्रांवर हल्ले होऊन घरे गारठली तेव्हा जागोजागी ऊब, वीज आणि चहा मिळण्याची ठिकाणे उघडली. खार्किव शहरात मेट्रोच्या भुयारात मुलांचे वर्ग भरू लागले. मूल रोज ठरल्या वेळी शाळेत जाते, शेजारी एकमेकांना चहा देतात, यालाही मनाचा उपचारच म्हणायचे. उपासमारीच्या काळाने 'कोणावर विश्वास ठेवू नको' असे शिकवले होते. या ठिकाणी लोक त्याच्या उलट वागायला शिकत आहेत.

आपल्या घरासाठी

वरची सगळी माहिती युक्रेनची. पण आपल्या घरातही ७२ चा दुष्काळ पाहिलेली आजी असेल, गावातून हाकलले गेलेले आजोबा असतील, वस्तीवर बुलडोझर फिरलेला पाहिलेली आई असेल. त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठी काही गोष्टी करता येतात.

१. म्हाताऱ्या माणसाने पोळी लपवली, जुनी चिंधी टाकू दिली नाही तर हसू नये, ओरडू नये. 'तेव्हा काय झाले होते?' असे एकदा शांतपणे विचारावे. सांगायचे नसेल तर भाग पाडू नये. अन्न आंबले, बुरशी आले असेल तर मात्र त्यांना सांगून काढावे.

२. मुलांना घराण्याचा इतिहास त्यांच्या वयाला झेपेल असा सांगावा. काय सोसले आणि कसे तगलो, दोन्ही सांगावे. रात्री झोपताना सांगू नये.

३. दंगल, युद्ध, हत्या यांचे व्हिडिओ मुलांसमोर पुन्हा पुन्हा लावू नयेत. मोठ्यांनीही दिवसातून ठरावीक वेळीच बातम्या बघाव्यात.

४. विहारात वंदनेनंतर महिन्यातून एकदा अर्धा तास एखाद्या ज्येष्ठाला बोलायला द्यावा. किसा गौतमी मोहरी मागत दारोदार फिरली, तेव्हा प्रत्येक घराने तिला आपल्याकडे गेलेल्या माणसाचे सांगितले. मोहरी मिळाली नाही, पण आपण एकट्या नाही हे तिला कळले.

५. जुना प्रसंग नको असताना डोळ्यांसमोर येणे, दचकून उठणे, सतत सावध राहणे, कशातच रस न वाटणे, दारू वाढणे, विनाकारण संताप, ही लक्षणे महिनाभराहून जास्त राहिली आणि त्यामुळे काम, शाळा, संसार अडू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. मरणाचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही थांबू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये.

६. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागात तपासणी होते.

७. अंगात आले, बाहेरचे झाले म्हणून भगताकडे नेऊ नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे सांगण्याची गरज पडू नये, पण आजाराच्या भीतीने माणूस डगमगतो, हे आम्ही जाणतो. अशा वेळी शेजाऱ्याने सोबत जावे, दवाखान्याच्या रांगेत सोबत बसावे.

शेजारच्या घरातले कोणी बरेच दिवस गप्प गप्प दिसत असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्या दारात जावे. 'कसे आहात?' असे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत बसावे.